अंगणातली पाखरं आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

अबोली_टिळकवाडी :
आज सकाळी खिडकीबाहेरची कोळ्याची जाळी काढायला काठीला केरसुणी बांधून गेले, तर मागनं हे ओरडले, "थांब गं!" बघते तर शिंजीर पाखराची मादी घरट्यासाठी जाळ्यातला धागा चोचीत धरून ओढत होती. अंगठ्याएवढा जीव. केरसुणी अजून तशीच भिंतीला टेकवून ठेवलीय.

हे ओरडले याचं मला किती अप्रूप वाटलं ते सांगायला हा धागा. 2021 च्या फेब्रुवारीत यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कॉट खिडकीशी लावली होती. बाहेर कपडे वाळत घालायच्या तारेवर असंच एक घरटं लोंबत होतं. लांबून बघितलं तर वाऱ्यानं अडकलेला कचरा. वाळकी पानं, सालपटं, सगळं कोळ्याच्या धाग्यानं चिकटवलेलं, बाजूला भोक आणि भोकावर पडवीसारखी छोटीशी झडप. पक्षी आला की हे डाव्या हाताच्या बोटानं कॉटच्या लोखंडावर टक करायचे. मी आत भाकरी थापताना टक-टक मोजायची. एकदा सकाळच्या तासाभरात 23 वेळा झालं. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात हे मला त्या टकटकीवरनंच कळलं.

देवापुढं दिवा लावणं मी तेव्हा सोडलं होतं. रागच होता. पिल्लं अंड्यातनं बाहेर आल्यावर 17-18 दिवसांनी एका दुपारी दोन्ही उडाली. संध्याकाळी मी निरांजन लावलं. का ते विचारू नका.

तुमचंही असं काही असलं तर लिहा.

वडगावचा_मागवाला :
वैनी, बोटाची टकटक वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात दोन पॉवरलूम. जन्मापासून खटखट, त्यामुळं पाखराचा आवाज म्हणजे काय ते ठाऊकच नाही. 2020 ला मार्चच्या शेवटी माग बंद. दुसऱ्या दिवशी टुक टुक टुक सुरू. मला वाटलं मागल्या गल्लीत कोणतर भांडं ठोकूलालंय. लॉकडाऊनमध्ये कोण भांडं ठोकणार? पोरगीनं वडाच्या शेंड्यावर दाखवला, हिरवा, कपाळ लाल. तांबट! नाव कुणी ठेवलं त्याच्या पाया पडावं वाटलं. सुताचे पैसे अडकले होते, उधारी डोक्यावर, खरं त्या महिन्यात रोज सकाळी त्याच्यासाठी गच्चीवर जात होतो. माग सुरू झाले आणि आवाज परत ऐकायचा बंद झाला. तो असणार तिथंच.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट :
सगळं ठीक, पण पाखरं देवासाठी येत नाहीत, दाण्यासाठी येतात.

येळ्ळूरची_लेक :
@उद्यमबाग आणि आपण देवळात कशासाठी जातो हो? 😄

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट :
गप्प बसतो.

मलप्रभाकाठ :
कावळ्याचं सांगतो. मी मानणाऱ्यातला नाही. आबांच्या दहाव्याला खानापुरात नदीवर पिंड ठेवला, कावळे जांभळीवर बसून आहेत, खाली एक येईना. दीड तास. भटजी घड्याळ बघूलाले. आई सांभाळतो म्हटलं, कर्ज फेडतो म्हटलं, धाकट्याचं लग्न करतो म्हटलं. काही नाही. शेवटी थोरला रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, म्हैस विकत नाही." (गिऱ्हाईक ठरलं होतं, आम्हा दोघांनाच ठाऊक.) वाक्य संपायच्या आत कावळा. योगायोग असेल. म्हैस अजून आहे, आता दूध देत नाही, नुसती खाती.

येळ्ळूरची_लेक :
हसू का रडू 🙏

निपाणी_बसस्टँड :
ऑगस्ट 2019, वेदगंगेचं पाणी घरात. नऊ दिवसांनी परत आलो. गुडघाभर चिखल, गाद्या, पुस्तकं, फ्रीज सगळं गेलेलं. पंचनाम्याचं काय झालं ते सांगत नाही, सकाळ सकाळी तोंड कडू नको. दारात उभा होतो तर अंगणातल्या चिखलात चार साळुंख्या गांडुळं वेचत होत्या, आपलं रोजचं काम असल्यासारखं. एकीनं माझ्याकडं बघितलं आणि परत चिखलात चोच घातली. मग मी पण फावडं उचललं.

भारद्वाज_कुठाय :
भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, कुणाचा गेलाय का? मला परवा दिसला आणि दुपारी गाडी पंक्चर.

मलप्रभाकाठ :
आमच्यात त्याला कुंभारकावळा म्हणतात. आहे कोकिळेच्या भावकीतला, खरं स्वतःचं घरटं बांधतो, पिल्लंही स्वतःच वाढवतो. तेवढ्यासाठी तरी मान द्या.

भारद्वाज_कुठाय :
मान दिला. पंक्चरचे पैसे कोण देणार?

अनगोळ_आजी :
फोनवर हळू टाईप होतंय. वरच्या मजल्यावर गोकाकचं कानडी बिऱ्हाड आहे, त्यांची चार वर्षांची पोरगी माझ्या अंगणात. ती म्हणते गुब्बच्ची, मी म्हणते चिमणी. रोज भांडण. काल एक चिमणी पाणी प्यायला आली तेव्हा पोरगी माझ्या कानात म्हणाली, आजी, चिमणी. आणि माझ्या तोंडातनं त्याच वेळी गुब्बच्ची. भांडं उथळ ठेवा हं, मातीचं, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

वडगावचा_मागवाला :
आजी, दाणे काय घालता? आमच्या गच्चीवर पारवेच सगळं संपवतात.

येळ्ळूरची_लेक :
तांदळाची कणी घाला. बासमतीची कणी आमच्याकडं गिरणीत मागितली की मिळती. थोडी थोडी घाला, एकदम ओतू नका.

अबोली_टिळकवाडी :
सगळ्यांचं वाचून दाखवलं यांना. म्हशीवर इतके हसले की ठसका लागला. आता विचारतायत, म्हशीचं नाव काय?

मलप्रभाकाठ :
गंगी.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट :
येळ्ळूरची गिरणी किती वाजता उघडते? आमच्या शेडमागं दोन बुलबुल येतात, म्हणून विचारलं.