मदत हवी आहे: शिसं आणि क्रोमियमची माती, मोहरीला ईडीटीए किती द्यावं?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीलगत ३ गुंठे, पूर्वी तिथं प्लेटिंगची शेड होती. काळी माती, चुनखडी बरीच, सामू ८.१. वरच्या १५ सेंमीत एकूण शिसं ४०० आणि क्रोमियम-६ (क्रोमियमचं विषारी रूप) २० मिग्रॅ/किलो. ४० फुटांवर विहीर. मोहरीनं मातीतलं शिसं उचलावं म्हणून ती पेरून फुलोऱ्याआधी ईडीटीए (धातू धरून सुटं करणारं रसायन) द्यायचा विचार आहे. गुंठ्याला किती?

गाळपेर: शून्य. ईडीटीए शिसं सुटं करतं, मोहरी त्यातलं थोडंच उचलते आणि बाकीचं पावसाबरोबर विहिरीकडं. शिवाय ते मातीत महिनोन्‌महिने टिकतं.
हिशेब बघा. गुंठाभर, १५ सेंमी खोल म्हणजे साधारण २० टन माती, म्हणजे शिसं ८ किलो. मोहरीचं वाळलेलं काड ५० किलो, त्यात १०० मिग्रॅ/किलो शिसं धरलं तरी एका पिकाला निघणार ५ ग्रॅम. घ्या मग १६०० पिकं!

माती-परीक्षक: शिसं काढू नका, फॉस्फेट घालून मातीतच जागेवर घट्ट बांधा. पण आधी क्रोमियम. क्रम उलटा झाला तर फॉस्फेट मातीला चिकटलेलं क्रोमेट, म्हणजे क्रोमियम-६, सोडवतं.
पिवळट-हिरवा गाळ दिसेल तो आधी खरवडून वेगळा ठेवा. तो धोकादायक कचरा, प्रदूषण नियंत्रण मंडळानं मान्य केलेल्या ठिकाणीच जातो. क्रोमियम-६ गुंठ्याला ४०० ग्रॅम भरतं. त्याचं कमी विषारी क्रोमियम-३ करायला हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं मीठ) त्याच्या १६ पट, म्हणजे ६.४ किलो लागतो. पण या सामूला बरंचसं लोह हवेनंच गंजून वाया जातं, म्हणून १६ किलो धरा. पाण्यात विरघळवून लगेच ओल्या मातीत १५ सेंमीपर्यंत कालवा, सोबत शेणखत. तांबूस पडलेला हिराकस घेऊ नका. हातमोजे, मास्क हवेतच.
महिन्यानं क्रोमियम-६ पुन्हा तपासा, अल्कलाइन डायजेशननं. डीटीपीएच्या (पिकाला मिळणारे धातू मोजायच्या नेहमीच्या माती तपासणीच्या) रिपोर्टात ते कळत नाही. खालची १५ ते ६० सेंमी मातीही पाठवा, क्रोमेट खाली उतरतं. क्रोमियम-६ चा आकडा पडला की मग शिसं बांधायला सिंगल सुपर फॉस्फेट, गुंठ्याला ७० किलो.

शिरोलीकर: मग झाडं नकोतच? हत्तीघास लावला तर जनावरांना चारा तरी होईल.

गाळपेर: चारा अजिबात नको. वाळा लावा, तो बराचसा धातू मुळांतच अडवतो आणि धूळही धरतो. दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, पानं २० सेंमीवर छाटून, ओळीत १५ सेंमीवर, जूनच्या पावसावर. कापलेलं गवत गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालू नका. उताराच्या अंगाला बांध आधीच घाला, नाहीतर सुपर फॉस्फेट ओढ्यात. विहिरीच्या पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिग्रॅ/लिटरच्या वर आलं तर ते पिण्याला बंद, जनावरांनाही.