सोसायटी ग्रुप : समोरची बेल का वाजवली नाही?

बी-३०२ : राग आलाय म्हणूनच लिहितेय. काल रात्री २ वाजता ३०४ च्या काकू बाथरूममध्ये पडल्या. काकांनी १०८ ला फोन केला, वॉचमनला उठवलं, दोघांनी चादरीत धरून खाली आणलं. समोर ३०३ मध्ये गाडी आहे, तरणा मुलगा आहे, पण बेल वाजवली नाही. विचारलं तर म्हणाले, "ज्यांच्या लेखी मी चमचा, त्यांना कशाला उठवू." २२ वर्षं समोरासमोर राहतात हो!

सेक्रेटरी : काकू कशा आहेत आता? आणि सर्वांना नम्र विनंती, ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड नकोत 🙏

बी-३०२ : हाड मोडलेलं नाही. २ दिवस ठेवणार आहेत.

ए-१०४ : आधी अंधभक्त कोण म्हणालं तेही लिहा ना मग

बी-३०३ : चमचावालं मी फक्त फॉरवर्ड केलं होतं. लिहिलं मी नव्हतं.

डी-४०२ : टँकर आला का? आमच्याकडे थेंब नाही

ए-१०४ : बी विंगला बरोबर येतं पाणी

बी-३०२ : इथे पाणी आणू नका प्लीज. २० नोव्हेंबर २०२४ ला हे दोघं एकाच रिक्षाने मतदानाला गेले होते, ३०४ काका विसरतात म्हणून त्यांचं कार्ड ३०३ काकांच्या खिशात होतं. २३ ला निकाल लागला, ग्रुपवर जुंपली, तेव्हापासून एका लिफ्टमध्ये चढत नाहीत.

सी-२०१ : एन. डी. पाटील शेकापचे, शरद पवारांचे सख्खे मेहुणे. बरीच वर्षं पवारांच्या राजकारणाला विरोध केला, पण बहिणीचं घर ते बहिणीचं घरच राहिलं. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेबांनी उमेदवारच दिला नाही.

ए-१०४ : आजोबा, वर सगळे एकच असतात, भांडतो आपण 😄

सेक्रेटरी : पुन्हा विनंती, राजकीय नको 🙏

बी-३०२ : सेक्रेटरी साहेब, बोलणं बंद केल्यानेच हे झालंय. मी दोघांनाही विचारलं होतं, नीट बसून. ३०४ काकांची वाशिमला ६ एकर, २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि विकलं त्याच्या बरंच खाली, तो राग आहे त्यांचा. ३०३ काकांच्या बहिणीला लाडकी बहीणचे महिना १५०० सुरू झाले, तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावरचे पैसे काढले, ते सांगताना काकांचे डोळे भरले होते. माझं मत दोघांशीही जुळत नाही, पण यात चमचा कोण आणि अंधभक्त कोण? हे एकमेकांना कधी विचारलंत का?

बी-३०३ : मी फक्त फॉरवर्ड केलं होतं.

बी-३०२ : काका, दुसऱ्यांदा सांगताय. डिलीट करता आलं असतं.

डी-४०२ : टँकरचं कोणी सांगेल का

बी-३०३ : रात्री लिफ्टचा आवाज आला होता मला. उठून दार उघडायला हवं होतं. कोणत्या वॉर्डात आहेत वहिनी? आमची ही डबा करतेय, मीठ चालतं का?

बी-३०४ : मीठ कमी. तिसरा मजला, ४ ते ६.

बी-३०३ : गेटसमोर पांढरी गाडी कुणाची आहे, काढा लवकर, मला बाहेर पडायचंय.