शेकरूला 'मोठी खार' किंवा 'काळी खार' म्हणू नये!

डोंगरवाट: आपल्या राज्यप्राण्याला हल्ली सर्रास 'मोठी खार' म्हणतात, काही जण 'काळी खार'ही. मला हे मुळीच पटत नाही. अंगणातली पट्ट्यांची खार वीतभर लांब. शेकरू दोन किलोपर्यंत भरतं, वीस फुटांची झेप घेतं आणि उंच झाडांवर काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं. रंगावरून नाव द्यावं, तर तेही टिकत नाही. केरळात त्याचे खांदे आणि शेपूट काळेभोर, भीमाशंकरला अंग तांबूस तपकिरी आणि शेपूट फिकट. मग 'काळी' म्हणायचं कोणाला? पाखरू, वासरू, कोकरू यांच्या पंगतीत बसणारा हा शब्द आहे, 'ते शेकरू'. तो असताना दुसरं नाव कशाला?

शब्दवेडी: मी याच्या विरुद्ध आहे. शेकरू खारींच्याच कुळातलं आहे आणि 'मोठी खार' म्हटलं की मुलांना ते लगेच कळतं. मल्याळम लोक त्याला 'मलयण्णान' म्हणतात, म्हणजे डोंगरखार. कन्नडमध्ये 'केंजळिलु', तांबडी खार. त्यांचं काही बिघडलं का? नातं सांगणारं नाव कमी दर्जाचं नसतं.

डोंगरवाट: त्यांच्याकडे तीच रुळलेली नावं आहेत, माझा आक्षेप त्यांना नाहीच. आपल्याकडे रुळलेला शब्द बाजूला सारून हे घडतंय. शिवाय आपल्या 'खार'मागे सेतू बांधणारी खार आहे, रामाच्या बोटांचे पट्टे आहेत, 'खारीचा वाटा' आहे. शेकरूच्या पाठीवर पट्टेच नाहीत.

रानपाखरू: 'शेकरू' हा शब्द 'शेकणे'वरून आला असणार. सकाळी फांदीवर पसरून ऊन शेकत बसतं ना!

शब्दवेडी: ऐकायला छान आहे, पण ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. जर्मनमध्ये खारीला 'आइशहर्नशेन' म्हणतात. ऐकताना वाटतं 'ओकचं छोटं शिंग', पण त्या शेवटच्या भागाचा मुळात शिंगाशी संबंध नव्हता. जुना शब्द लोकांना कळेनासा झाला आणि कानाला ओळखीचं तेच त्यात ऐकू येऊ लागलं. 'शेकणे'चं तसंच होतंय. आधीची रूपं दाखवा, मग बोलू.

डोंगरवाट: इथे मात्र शब्दवेडीताईंशी पूर्ण सहमत. जुन्या लेखनातली आणि गावोगावची रूपं गोळा केल्याशिवाय मूळ सांगू नये.

घाटमाथा: रंगाचा आक्षेप मला अर्धाच पटतो. भीमाशंकरच्या प्रकाराचं शास्त्रीय नाव मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या नावावरून ठेवलं गेलं, १८३१ साली, साइक्स या इंग्रज प्राणी-अभ्यासकाने. त्यातून प्राण्याबद्दल काय कळतं? त्यापेक्षा रंगाचं नाव शंभर पटींनी बरं, डोळ्यांना दिसतं ते तरी सांगतं.

डोंगरवाट: शास्त्रीय नावाचं काम वेगळं. लोकांनी शेकरूच म्हणावं, एवढंच माझं म्हणणं.

शब्दवेडी: मग आसामकडच्या त्याच्या भावंडाचं काय? पाठ खरोखर काळी, पोट पिवळसर. त्याला मराठीत काय म्हणायचं? मी 'काळी महाखार' सुचवते.

डोंगरवाट: 'काळं शेकरू' म्हणा ना! तिकडे तो प्राणी काळ्या पाठीचाच, त्यामुळे तिथे रंग खरा आहे आणि नातं शेकरूशी आहे.

शब्दवेडी: ज्याने शेकरू कधी पाहिलंच नाही, त्याला त्यातून काय उमगणार? मी 'महाखार'वर ठाम आहे.