कार्ड स्वाइप मशीन कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत. यूपीआयचा क्यूआर आहेच, पण लग्नसराईत बिल मोठं झालं की गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड काढतं.

बँकेचं मशीन आठ महिने वापरलं. गल्ली अरुंद, दुकान आत, त्यामुळे सिमला रेंजच नाही. मशीन हातात धरून पायरीवर उभं राहावं लागायचं. एका ताईंचे पैसे कापले गेले, पावती निघालीच नाही, पैसे परत यायला सहा दिवस लागले. त्यांच्यासमोर मान वर करवेना. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहिलं, तेच. वायफाय मात्र छान चालतं.

कार्डाच्या व्यवहारामागे दुकानदाराकडून जे शुल्क कापतात, त्याला डेबिट कार्डावर आमच्यासारख्यांना 0.40 टक्क्यांची मर्यादा आहे, रुपे डेबिटला शून्य, हे माहीत आहे. क्रेडिटला अशी मर्यादा नाही, तिथेच घोडं अडतं. महिन्याला कार्डाचे व्यवहार जेमतेम 25-30, म्हणून जड भाडं परवडत नाही. कागदी पावती हवीच.

वायफायवर चालणारं, पावती छापणारं मशीन नागपुरात कोणी वापरतंय का? भाडं आणि क्रेडिट कार्डाचा दर धरून प्रत्यक्षात किती पडतं, आणि बिघडलं तर माणूस किती दिवसांत येतो?