‘सूर तोडणं’ की ‘सूर सोडणं’? उपासनेतल्या ऑर्गनवादनाचे शब्द

गुरुवारपेठकर
आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ऑर्गन शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. उपासनेत गीतं वाजवायच्या निरनिराळ्या पद्धती त्यात यायला हव्यात. ‘लेगाटो’ला, म्हणजे स्वरांत खंड न पाडता वाजवण्याला, कुणी ‘मींड’ सुचवलं, कुणी ‘सलग वादन’. शिवाय चालीत तोच स्वर लागोपाठ दोनदा आला की मध्ये बोट उचलून दोन्ही वेगळे ऐकवावे लागतात. त्याला काय म्हणावं? ‘सूर तोडणं’ चालेल का? पुण्यातल्या पेटीवाल्यांच्या आणि संगीत नाटकात ऑर्गनची साथ करणाऱ्यांच्या तोंडी असलेले शब्द मिळाले तर फार बरं होईल.

काळी चार
मींड नक्कीच नको. मींडेत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. पट्ट्यांच्या वाद्यात ती वाटच नाही; सा आणि शुद्ध रे यांच्यामध्ये कोमल रे ची एक पट्टी, बस्स. लेगाटोत एवढंच अभिप्रेत आहे की दोन स्वरांत फट राहू नये. पेटी शिकवताना आपण ‘जोडून वाजव’ म्हणतो. तोच शब्द घ्या.

पायपेटी
‘जोडून’ला माझंही अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऑर्गनचं सगळं कसब तिथेच आहे.

पाइप ऑर्गनवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पियानोचा स्वर वाजल्यावर विरत जातो. ऑर्गनचा बोट पट्टीवर आहे तोवर तितकाच भरलेला राहतो आणि बोट उचललं की संपतो. म्हणजे आघात द्यायला बोटांत दुसरं साधन नाही. स्वर कधी धरला आणि कधी सोडला, यावरच मंडळीला लय कळते. ‘तोडणं’ हा शब्द इथे मला खटकतो. ‘सूर तुटला’ म्हणजे चूक झाली, असाच अर्थ मनात येतो. ‘सोडणं’ जाणूनबुजून केलेलं असतं. म्हणून ‘सूर सोडणं’.

किती आधी सोडायचा, तेही मुलांना सांगा. एका मात्रेचा स्वर दोनदा येत असेल, तर पहिला साधारण अर्धी मात्रा वाजवून उरलेली अर्धी मोकळी ठेवायची, आणि हे प्रमाण गीतभर सारखं राखायचं. दगडी, उंच छताच्या देवळात आवाज घुमतो, तिथे मोकळी जागा थोडी वाढवावी लागते. मात्र चारही स्वरपंक्ती (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या चार ओळी: वरची चाल, मधल्या दोन आणि खालचा खर्ज) एकदम सोडू नयेत. वरची चाल सुटते तेव्हा मधल्या दोन पंक्तींत तोच स्वर पुन्हा येत असेल, तर तो धरून ठेवावा. शब्द स्पष्ट कळतात आणि गाणाऱ्यांच्या पायाखालची जमीनही सरकत नाही.

जोडून वाजवायला बोटं अपुरी पडतात तेव्हा पट्टी दाबलेली ठेवूनच तिच्यावरचं बोट बदलतात, म्हणजे तर्जनीच्या जागी हळूच करंगळी. त्याला सरळ ‘बोटबदल’ म्हणता येईल.

मात्रावृत्त
ओळीच्या शेवटी ऑर्गन थांबतो, त्या जागेला आपल्या छंदशास्त्रात तयार शब्द आहे: यती. हा नुसता पर्याय म्हणून सुचवत नाही. पाश्चात्त्य चालींना अक्षरांची मापं असतात, 8-6-8-6 किंवा 8-7-8-7. त्यांवर बसवलेल्या मराठी कडव्यात अर्थाचा विसावा दर वेळी त्याच जागी येईलच असं नाही. वादकाने मापाकडे बघून सूर सोडला आणि शब्द मधेच दुभंगला, तर तो यतिभंगच. कॉयरने आणि ऑर्गनवाल्याने आधी कडवी वाचावीत, प्रत्येक कडव्यात यतीची खूण पेन्सिलीने करावी.

काळी चार
मात्रावृत्त यांचं म्हणणं अभंगांना तर जास्तच लागू आहे. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत आणला. मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4. अशा चालीखाली दर मात्रेला चार स्वरांचा भरणा केला की ती गुदमरते. तिथे डाव्या हाताने सा-प धरावा आणि उजव्या हाताने नुसती चाल वाजवावी. याला आपल्याकडे ‘सूर धरणं’ म्हणतातच.

खर्ज
स्टॉपवरच्या, म्हणजे कोणते पाइप वाजावेत ते निवडायच्या खुंट्यांवरच्या, आकड्यांबद्दल थोडंसं. 8 फुटी स्टॉप म्हणजे लिहिलेल्या सप्तकातच वाजणारा. त्यातला सर्वांत खालचा पाइप साधारण तेवढा लांब असतो. 4 फुटी एक सप्तक वर, 16 फुटी एक सप्तक खाली. पेटीत खर्ज, नर, मादी हे सूर एकमेकांपासून असेच सप्तकाच्या अंतरावर असतात, त्यामुळे पेटी येणाऱ्या मुलांना लगेच समजेल. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून रंगभूमीवर जो ‘ऑर्गन’ म्हणतात तो मात्र पाइपांचा नाही. त्यात पेटीसारखे धातूच्या पातळ पट्ट्यांचे (रीडचे) सूर आणि पायाने चालवायचा भाता असतो. टिपणात हा फरक लिहाच.

गुरुवारपेठकर
सर्वांचे आभार. जोडणं, सोडणं, धरणं, बोटबदल आणि यती, सगळे घेतले. आणखी एक विचारू का? शेवटच्या कडव्याला सगळी मंडळी फक्त मूळ चाल गाते आणि ऑर्गनवाला खालची स्वरसंगती बदलून वाजवतो. त्या गाण्याला ‘एकसुरी’ म्हणावं का?

पायपेटी
ताई, ‘एकसुरी’ नको, त्याचा अर्थ कंटाळवाणं असा झाला आहे. ‘एकसुरात’ लिहा. आणि त्याच्या आधीचं एखादं कडवं चाल ठळक करून वाजवायला सांगा: उजवा हात पट्ट्यांच्या वरच्या रांगेवर खणखणीत स्टॉपने चाल वाजवेल, डावा हात खालच्या रांगेवर मऊ आवाजात मधल्या दोन पंक्ती, आणि पाय खालच्या पायपट्ट्यांवर खर्ज सांभाळतील. नवी चाल मंडळीला शिकवायला ही पद्धत फार कामाची आहे.