ग्रॅच्युइटी कमी मिळाली आहे, फॉर्म एन (कंपनीविरुद्ध लेबर कमिशनरकडे करायचा दावा-अर्ज) बद्दल मदत हवी आहे (बडोदा)

नात्यातले एक काका मकरपुरा जीआयडीसीतल्या खासगी कारखान्यातून 31 ऑगस्ट 2025 ला निवृत्त झाले. रुजू 1 फेब्रुवारी 2004, मधे खंड नाही. शेवटचा बेसिक अधिक डीए 26,000. निवृत्ती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या आधीची, म्हणून 1972 चा ग्रॅच्युइटी कायदाच धरतोय.

माझा हिशोब (सेवेच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार): 26,000 × 15 ÷ 26 = वर्षाला 15,000. सेवा 21 वर्षं 7 महिने. सहा महिन्यांवरचं पूर्ण वर्ष, म्हणजे 22. एकूण 3,30,000. कंपनीने 30 ने भागलं आणि सात महिने सोडून दिले: 13,000 × 21 = 2,73,000. फरक 57,000. (महिन्याच्या पगारदाराला 26 नेच भागायचं हे कलम 4 मध्येच आहे, त्यावर वाद नको.)

फॉर्म आय (कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज) सप्टेंबरमध्येच दिला, पोच आहे. पैसे ऑक्टोबरमध्ये बँकेत आले. फॉर्म एल (किती ग्रॅच्युइटी देणार याची कंपनीची नोटीस) मात्र कधीच मिळाला नाही. फरकासाठी रजिस्टर एडीने पत्र पाठवलं. कंपनीचं तोंडी उत्तर, 'फुल अँड फायनलवर (शेवटच्या हिशोबाच्या कागदावर) सही झाली, विषय संपला.' कलम 14 (करारापेक्षा कायदा वरचढ) असताना ही सही आड येऊ नये असं वाटतं. अपॉइंटमेंट लेटर, स्लिपा, पीएफ पासबुक हाताशी आहे. पीएफ-पेन्शनची तक्रार नाही. वकील शेवटचा पर्याय, रक्कमच तेवढी नाही.

ज्यांनी असिस्टंट लेबर कमिशनरकडे अशी केस चालवली आहे त्यांना विचारतो: फॉर्म एल नसेल तर फॉर्म एन चे 90 दिवस कुठल्या तारखेपासून धरतात, आणि उशीर माफीचा अर्ज सोबतच जोडावा का?