पहिल्यांदाच पेंटबॉलचं सामान घ्यायचंय, मुलगा १४ वर्षांचा आहे, सुरुवात कशापासून करू?

मिरजकर_फिली
नमस्कार मंडळी, आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. जुलैमध्ये ऑफिसच्या ग्रुपबरोबर जिम थॉर्पला स्कर्मिश नावाच्या पेंटबॉलच्या (रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडायचा खेळ) मैदानावर गेलो होतो, पोराला सोबत नेलं होतं, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नंतर आणखी तीनदा घराजवळच्या एका फील्डवर भाड्याच्या सामानावर खेळलो. आता वाटतंय की स्वतःचं काहीतरी घ्यावं. दोघांचं मिळून बजेट ५०० डॉलर. पोरगं यूट्यूबवर बघून इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाली गन घेऊया म्हणून मागे लागलंय, दुकानातला माणूस म्हणतो सीओटूवाला (कार्बन डायऑक्साइडवर चालणारा) पूर्ण सेट घ्या सगळं त्यात येतं, आणि मला हॉपर, टँक, बॅरल यातलं अजून अर्धं कळत नाही.
आणि एक गोष्ट मनातून जात नाहीये. मागच्या वेळी त्याच्या भाड्याच्या मास्कच्या काचेवर इतकी वाफ धरली की त्याला काहीच दिसेना, आणि त्याने खेळ चालू असताना मास्क वर करायला हात घातला. मी ओरडलो म्हणून थांबला. दोन रात्री नीट झोप लागली नाही मला. तर नक्की आधी काय घेऊ?

रानवाट
दादा, तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. मास्क घ्या. दोघांना दोन मास्क, आणि ते होईपर्यंत गनच्या दुकानात पाय ठेवू नका.
फील्डवर गन क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) तपासतात ते बघितलं असेल, बहुतेक ठिकाणी २८० एफपीएसची (फूट प्रति सेकंद) मर्यादा असते, काही ठिकाणी ३००. २८० म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या वर. गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, अंगावर लागली तर वळ उठतो आणि आठवड्यात जातो, पण उघड्या डोळ्यावर लागली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून मास्कवर एएसटीएम एफ १७७६ (पेंटबॉलच्या मास्कचं सुरक्षा मानक) लिहिलंय का ते बघायचं. एअरसॉफ्टचा चष्मा, ड्रिलिंगचा चष्मा, मोटरसायकलचा गॉगल यातलं काहीही चालत नाही, कितीही जाड दिसलं तरी.
आता वाफेचं. भाड्याच्या मास्कला बहुतेक वेळा एकेरी काच असते. तुम्ही थर्मल लेन्स मागा, त्यात दोन पापुद्रे असतात आणि मधे हवा कोंडलेली असते, घराच्या डबल खिडकीसारखं, त्यामुळे आतला पापुद्रा गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. जेटी प्रोफ्लेक्स थर्मल किंवा व्ही-फोर्स ग्रिल, साधारण ६० ते १०० डॉलरमध्ये दोन्हीपैकी काहीतरी मिळून जाईल. पण ऑनलाइन मागवू नका, पोराला दुकानात घेऊन जा, घालायला लावा, पट्टा आवळा आणि दहा मिनिटं तसंच फिरू दे. फोम कपाळाला आणि गालाला सगळीकडून टेकला पाहिजे, कुठे फट राहिली किंवा कुठे हाड दुखायला लागलं तर दुसरा बघायचा. जो मास्क टोचतो तो मुलं उचलतात, सरळ हिशोब आहे.
थर्मल लेन्स कधीही नळाखाली धरायची नाही, दोन पापुद्र्यांच्या मधे पाणी गेलं की ती लेन्स संपली. मऊ मायक्रोफायबर जरासा ओला करून हलक्या हाताने टिपायची, आणि पेपर टॉवेल तर अजिबात नको, चरे पडतात. जवळून थेट लेन्सवर गोळी बसली असेल तर त्या दिवसानंतर लेन्स बदलून टाका, दिसायला धड असली तरी.

डेट्रॉइटचा_कोल्हापुरी
रानवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी गनबद्दल लिहितो कारण तिथेच लोक पैसे घालवून बसतात.
सीओटूवाला सेट घेऊ नका. सीओटू टँकमध्ये (गनला लावायची बाटली) द्रवरूप असतो, थंडीत त्याचा दाब पडतो, आणि भराभर फायर केलं की द्रव तसाच गनमध्ये शिरतो, मग नळीतून, म्हणजे बॅरलमधून, पांढरा धूर येतो आणि गोळ्या कुठेही जातात. तुमच्याकडे पेन्सिल्वेनियात ऑक्टोबरनंतर हे हमखास होणार. त्यापेक्षा एचपीए घ्या, म्हणजे नुसती दाबलेली हवा. सुरुवातीला ४८/३००० चा ॲल्युमिनियमचा टँक पुरतो, ४८ म्हणजे घनइंच आणि ३००० म्हणजे हवेचा दाब, पीएसआयमध्ये, त्यात साधारण साडेचारशे-पाचशे गोळ्या निघतात. कार्बन फायबरचा ६८/४५०० हलका असतो आणि हजारच्या आसपास चालतो पण किंमत तिप्पट.
गनमध्ये दोन रस्ते आहेत. टिपमन ९८ कस्टम किंवा क्रोनस, दणकट सामान, चिखलात पडलं तरी चालतं, उघडायला सोपं, स्वस्त. नाहीतर प्लॅनेट एक्लिप्सची एमेक १००, महाग आहे पण ती पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरी नाही, आवाज कमी, झटका कमी आणि गोळी नळीत फुटण्याचं प्रमाण खूपच कमी. तिला लावता येणारा पॅल हॉपर (हॉपर म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा) गनच्याच हवेवर गोळ्या पुढे ढकलतो, त्यालाही बॅटरी लागत नाही. मात्र एमेकला सीओटू लावायचा नाही. माझ्याकडे चार वर्षं आहे, ओ-रिंग (हवा गळू न देणारी छोटी रबरी कडी) आणि ग्रीस सोडून एक पैसा खर्च झालेला नाही.
इलेक्ट्रॉनिक गन आत्ता नको. कारण गन एकदाच घ्यायची असते, पेंट दर वेळी. बहुतेक फील्डवर पेंट त्यांचाच घ्यावा लागतो, २००० गोळ्यांची केस साधारण ५० ते ८० डॉलर, आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हातात आला की १४ वर्षांचं पोरगं ५०० ची पिशवी वीस मिनिटांत रिकामी करतं. माझ्या भाच्याने केली आहे, दुपारी दोन वाजता बाकावर बसून होता बिचारा आणि बाकीची पोरं खेळत होती.

पंपवाला_आजरा
वरचं सगळं बरोबर, पण पंप गनचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. प्रत्येक गोळीला हाताने पुढचा दांडा मागे-पुढे करायचा, मगच पुढची गोळी. हा खेळ सुरूच तसा झालाय. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला १२ जण पहिला खेळ खेळले, हातात नेलस्पॉट ००७ होत्या, त्या खरं तर झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला बनवलेल्या, एका वेळी एकच गोळी. झेंडे गोळा करायचे होते, आणि जो जिंकला त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही! मुलाला हे नक्की सांगा. पंपवर खेळलेलं पोर आडोसा कसा घ्यायचा, कधी पळायचं, कधी पडून राहायचं हे शिकतं, कारण त्याला प्रत्येक गोळी मोजून मारावी लागते. मी दिवसाला २०० गोळ्यांत भागवतो आणि मला हा खेळ जीवापाड आवडतो. विकत नका घेऊ, फील्डवर कोणाकडे असेल तर एक डाव मागून बघा, पंपवाले लोक आनंदाने देतात.

सायली_ह्यूस्टन
मी आईच्या बाजूने लिहिते, माझी दोन्ही मुलं खेळतात. तुमच्या मुलाला चष्मा आहे का? असेल तर मास्क चष्म्यासकट घालून बघा, काही मास्कमध्ये काड्या कानाशी दाबल्या जातात आणि फोम उचलला जातो, मग तिथूनच हवा आणि रंग आत येतो. आणि चष्म्याच्या काचेवर वाफ धरते ती वेगळीच, थर्मल लेन्स तिथे काही करू शकत नाही. धाकट्याला आम्ही शेवटी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या.
कपड्यांवर पैसे घालवू नका. जुना सैल हूडी, फुल पँट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे, गळ्याला मफलर किंवा नेक गार्ड. गळा आणि बोटं, सगळ्यात जास्त तिथे लागतं. क्रिकेटचा गार्ड घरात असेलच, तो विसरू नका.
अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगते. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं, आणि मास्कच्या जाळीतून रंगाचे शिंतोडे तोंडात जातात. आतला रंग पाण्याने धुतला जातो, विषारी नसतो, पण आमच्याकडे सासूबाई आलेल्या असताना हे कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. घरात कडक शाकाहारी कोणी असेल तर आधीच सांगून ठेवा, नंतर कळण्यापेक्षा बरं.

मिरजकर_फिली
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी वेळ काढून लिहील असं वाटलं नव्हतं. सायलीताई, चष्मा आहे त्याला, अगदी वेळेवर सांगितलंत. शनिवारी दुकानात गेलो, पाच मास्क घालून बघितले, चौथा चष्म्यासकट बसला. रविवारी गन भाड्याची आणि मास्क स्वतःचा असं खेळलो. चार तासांत एकदाही मास्कला हात लावला नाही त्याने. मी त्याच्याकडेच बघत होतो म्हणून दोनदा आऊट झालो, चालेल.
आता गन. जवळच एक गृहस्थ त्यांची टिपमन ९८ विकतायत, हॉपर आणि ४८/३००० टँकसकट १०० डॉलर. घ्यावी का? तपासायचं काय?

डेट्रॉइटचा_कोल्हापुरी
गन ठीक असेल तर भाव चांगला आहे, टिपमन जुनी झाली तरी मरत नाही. पण आधी टँक बघा. ॲल्युमिनियमच्या टँकवर खांद्यापाशी महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टँकची तपासणी) तारीख. दर ५ वर्षांनी टेस्ट लागते, तारीख उलटली असेल तर फील्डवाले भरून देत नाहीत, आणि टेस्टच्या खर्चात थोडे पैसे घालून नवा टँक येतो. बाटलीला खोल चरा, पोचा, रंग उडून पोपडे असतील तर हातच लावू नका. विकणाऱ्याने रेग्युलेटर (बाटलीच्या तोंडावरचा दाब कमी करणारा भाग) बाटलीपासून कधी सोडवला होता का तेही विचारा, हो म्हणाला तर टँक सोडून द्या आणि फक्त गनचा भाव करा.
मग टँक गनला लावून बघा. सुईसारखा बारीक सूं आवाज येत राहिला तर घाबरू नका, बहुतेक वेळा टँकच्या तोंडावरची ओ-रिंग गेलेली असते, ०१५ नंबरची, काही सेंटला मिळते. नखाने जुनी काढा, नवी बसवा, परत लावा. बाकाखाली बसून दोन मिनिटांत होतं, पोरालाच करू द्या. खिशात दहा-बारा ठेवाच. आणि टँकमध्ये हवा भरायच्या तोंडाजवळ, म्हणजे निपलजवळ, तेलाचा थेंबसुद्धा जाऊ देऊ नका, दाबलेली हवा आणि तेल एकत्र आलं की पेट घेऊ शकतं.

रानवाट
आणि बॅरल सॉक! जुन्या गनबरोबर तो हमखास हरवलेला असतो. नळीच्या तोंडावर चढवायची कापडी पिशवी, दोरी मागे अडकवायची. मैदानातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी सॉक चढला पाहिजे, गाडीत सुद्धा, घरी सुद्धा, टँक काढलेला असला तरी. दहा डॉलरच्या आसपास मिळतो, गन आणायला जाताना वाटेत घेऊनच जा.

मिरजकर_फिली
बघून आलो. टँकवरची तारीख २०१७ ची निघाली, म्हणून फक्त गन आणि हॉपर ६० ला घेतलं. नवा टँक उद्या येतोय. पोरगं आत्ता जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून गन उघडून बसलंय, सॉक चढवलेला आहे.